घर परदेशी निघालं, राघूचं काय?

जालन्यातून पुणे, पुण्यातून बंगळुरू आणि तिथून टेक्सास, म्युनिक नाहीतर मेलबर्न, ही वाट आता अंबड-परतूरच्या घरांनाही नवी राहिलेली नाही. व्हिसा येतो. घर भाड्यानं द्यायचं ठरतं, गाडी विकली जाते, दागिने लॉकरमध्ये जातात. मग कुणाचं तरी लक्ष ओसरीतल्या पिंजऱ्याकडे जातं. कित्येक वर्षं घरात असलेला, आजीच्या आवाजात नातवाला हाका मारणारा राघू सोबत येणार की नाही, हे कुणीच ठरवलेलं नसतं. विचारायचं कुणाला, हेही माहीत नसतं. विमान कंपनी म्हणते कागद आणा, जनावरांचे डॉक्टर म्हणतात वनखात्यात विचारा, आणि वनखात्यात जायची धास्ती वाटते.

या प्रश्नाचं उत्तर पिंजऱ्यात कोणता पक्षी आहे, इथून सुरू होतं. हिरवं अंग, लाल चोच, लांब शेपूट आणि नराच्या गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ, असा जो राघू मराठवाड्यातल्या बहुतेक पिंजऱ्यांत दिसतो, तो आपला देशी पोपट. त्याच्याहून थोराड, खांद्यावर तांबडा पट्टा असलेला पहाडी पोपट बाजारात जास्त भाव खातो. नराचं डोकं जांभळट असलेला लहानखुरा पोपटही कधीमधी दिसतो. हे तिन्ही इथले रानपक्षी आहेत. कुत्रं-मांजर पाळावं तसा त्यांना पाळण्याचा हक्क कायद्यानं कुणालाही दिलेला नाही.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. त्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. जुन्या सहा अनुसूचींच्या जागी चार आल्या आणि आपला कंठवाला पोपट दुसऱ्या अनुसूचीत गेला. त्याला पकडणं, घरट्यातून पिल्लू काढणं, विकणं, विकत घेणं, बाळगणं हे सगळं गुन्ह्यात मोडतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. याच कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार असा बेकायदा बाळगलेला किंवा पिंजऱ्यात जन्मलेला वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता ठरते. ‘जत्रेत पैसे मोजून घेतला’, ‘झाडाखाली पडलेलं पिल्लू होतं, आम्ही जगवलं’, ‘घरातच अंड्यातून निघालाय’ ही कारणं लोक मनापासून सांगतात आणि बहुतेकदा ती खरीही असतात, पण त्यांनी मालकी सिद्ध होत नाही. परदेशी न्यायचं म्हणजे विमानतळावर कुणीतरी ‘हा पक्षी तुमचा कसा?’ असं विचारणार, आणि त्या प्रश्नाला दाखवता येईल असा एकही कागद या राघूसाठी निघू शकत नाही. देशी पोपट सोबत घेऊन परदेशात स्थायिक होण्याचा कायदेशीर रस्ता आज नाही. एखादा दलाल ‘करून देतो’ म्हणाला, तर तो तस्करी करून देतो आहे, एवढं लक्षात ठेवावं.

हा कायदा इतका कडक का, हे समजून घ्यायला जालन्याचीच झाडं पुरेशी आहेत. या जिल्ह्यात जंगल नावापुरतं आहे. पोपटांचा संसार चालतो तो बांधावरच्या कडुलिंबावर, विहिरीकाठच्या वडा-पिंपळावर, जुन्या आमराईतल्या पोकळ खोडांत. पोपट ढोली मुळापासून कोरत नाही. सुतार पक्ष्यानं किंवा तांबटानं सोडलेली, नाहीतर फांदी मोडून आपोआप पडलेली ढोली तो शोधतो आणि चोचीनं थोडी रुंद करून घेतो. जुनं झाड तोडलं की ढोल्या जातात, आणि नव्या झाडाला ढोली पडायला माणसाचं अर्धं आयुष्य लागतं. हिवाळा सरता सरता मादी तीन ते पाच-सहा अंडी घालते. तीन आठवड्यांनी पिल्लं निघतात आणि सहा-सात आठवडे ढोलीतच राहतात. नेमक्या याच दिवसांत माणसं झाडावर चढतात. पंख फुटायच्या आत पिल्लू हाती लागलं, तर ते माणसाळतं आणि बोलायला शिकतं, म्हणून पिल्लूच हवं असतं. ढोली फोडून पिल्लं काढली की त्या वर्षीचा विणीचा हंगाम गेलाच, शिवाय ढोलीही कायमची गेली. बाजारात पोचलेल्या एका बोलक्या मिठूमागे वाटेत मेलेली भावंडं असतात, ती गिऱ्हाइकाला दिसत नाहीत.

शेतकऱ्याची दुसरी बाजूही खरी आहे. ज्वारी हुरड्यावर आली की थवेच्या थवे उतरतात, मक्याची कणसं सोलली जातात, पेरू-डाळिंबाची फळं अर्धी कुरतडून खाली टाकली जातात. पोपट खातो त्याहून जास्त वाया घालवतो, हे राखण करणाऱ्याला सांगावं लागत नाही. तरी गोफण फिरवून थवा उडवणं आणि पिल्लू पिंजऱ्यात टाकणं यांत फरक आहे. शेतातून उडालेला थवा संध्याकाळी आपल्या झाडावर परततो.

आता एक जुनी गोष्ट. इथले पोपट परदेशी जाणं हा आजकालचा प्रकार नाही, त्याला दोन हजार वर्षांहून अधिक काळ झाला आहे. इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास इराणच्या दरबारी असलेला क्टीसियस नावाचा ग्रीक वैद्य भारताविषयी लिहिताना एका बोलक्या पक्ष्याचं वर्णन करतो. तो माणसासारखा बोलतो, हिंदुस्थानी बोली बोलतो, पण ग्रीक शिकवली तर ग्रीकही बोलेल, असं त्यानं नोंदवलं आहे. त्यानं सांगितलेल्या रंगांवरून तो जांभळ्या डोक्याचा पोपट असावा, असं मानतात. पुढे अलेक्झांडरच्या स्वारीमुळे भारतातले मोठे पोपट ग्रीकांच्या ओळखीचे झाले. पहाडी पोपटाला इंग्रजीत अलेक्झांडरचं नाव चिकटलं, ते त्यामुळेच.

रोमन काळात तर भारतीय पोपट हा श्रीमंतांच्या घरातला शौक झाला. प्लिनी या रोमन लेखकानं आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या दहाव्या भागात भारतातून येणाऱ्या या पक्ष्याची नोंद केली आहे. सगळं अंग हिरवं, गळ्याभोवती तांबडा पट्टा, सम्राटांना अभिवादन करायला शिकतो, असं तो लिहितो. गळ्यातल्या कंठ्यावरून तो आपलाच राघू वाटतो. त्याचं डोकं फार कठीण असतं म्हणून शिकवताना लोखंडी सळईनं मारावं लागतं, नाहीतर त्याला लागतच नाही, असंही प्लिनी सांगतो. हे वाचताना अंगावर काटा येतो. ओव्हिड या कवीनं तर मेलेल्या भारतीय पोपटावर विलापिका लिहिली.

प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावला. त्याच उद्रेकात पॉम्पेई शहर राखेखाली गाडलं गेलं. १९३८ साली तिथल्या एका घरात भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. या मूर्तीशी जवळचं साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या उत्खननात मिळाली. नेपल्सची मूर्तीही भोकरदनमध्येच घडली असावी, असं मत काही अभ्यासकांनी मांडलं आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवरच्या दानलेखांत इथल्या माणसांचे उल्लेख आहेत. पैठणहून उत्तरेला जाणारा व्यापारी माल याच मुलखातून जायचा आणि भडोचच्या बंदरात जहाजांवर चढायचा. रोमला गेलेले राघू भोकरदनवरून गेले, असं सांगणारा पुरावा नाही. पण ज्या वाटांनी आपल्याकडचं हस्तिदंत गेलं, त्याच समुद्रव्यापाराच्या काळात आणि त्याच गिऱ्हाइकांसाठी भारतातले पोपटही जात होते. प्रत्येक पक्षी कुठल्या तरी झाडावरून काढलेला होता आणि त्यातला एकही परत आला नाही.

विसाव्या शतकात हाच व्यापार जहाजांवरून विमानांत गेला आणि फार मोठा झाला. १९९०-९१ मध्ये देशी पक्ष्यांच्या व्यापारावर पूर्ण बंदी येईपर्यंत भारत जगाला रानपक्षी विकणारा एक मोठा देश होता. युरोपात पोचलेल्या कंठवाल्या पोपटांपैकी काही निसटले, काही सोडून दिले गेले. ब्रुसेल्समध्ये १९७४ च्या सुमारास एका करमणूक उद्यानातून चाळीसेक पोपट मुद्दाम सोडण्यात आले, आज तिथे त्यांचे हजारोंचे थवे आहेत. लंडनमध्ये गेलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यात चकित करणारी गोष्ट हीच असते: हाइड पार्कमध्ये सफरचंदाचा तुकडा हातावर ठेवला की जालन्याच्या आमराईतला पक्षी येऊन बसतो. युरोपातल्या या पोपटांची जनुकं तपासली, तेव्हा त्यांचं मूळ मुख्यतः पाकिस्तान आणि उत्तर भारतात निघालं. म्हणजे तेही स्थलांतरितच. पण त्या मुलखाला हे परवडलेलं नाही. स्पेनमधल्या सेव्हिल शहराच्या एका बागेत दुर्मीळ मोठी वटवाघळं ज्या ढोल्यांत राहायची, त्या पोपटांनी बळकावल्या आणि वटवाघळांना मारलंही. आता स्पेननं हा पोपट आक्रमक प्रजातींच्या यादीत टाकला आहे. इथे ढोल्यांवाचून अडणारा पक्षी तिथे दुसऱ्याच्या ढोल्या हिसकावतो. यात त्याचा दोष नाही. त्याला तिथे नेऊन सोडणारी माणसंच होती.

दुसरा पिंजरा आहे विदेशी पक्ष्यांचा. बजरीगर म्हणजे लव्हबर्ड म्हणून विकले जाणारे ऑस्ट्रेलियाचे छोटे रंगीत पोपट, डोक्यावर तुरा असलेला कॉकाटील, खरे आफ्रिकन लव्हबर्ड, आणि ज्यांच्या घरी ऐपत आहे त्यांच्याकडे आफ्रिकन ग्रे किंवा मकाव. यांना भारतात पाळता येतं आणि कागद नीट असतील, तर परदेशीही नेता येतं. इथे साइटिस नावाचा आंतरराष्ट्रीय करार मध्ये येतो. वन्यजीवांच्या सरहद्दीपार व्यापारावर लगाम घालणारा हा करार १९७३ साली वॉशिंग्टनमध्ये झाला आणि भारत १९७६ साली त्यात सामील झाला. १९८१ मध्ये जगातले जवळजवळ सगळे पोपट त्याच्या परिशिष्टांत आले. बजरीगर, कॉकाटील आणि कंठवाला पोपट तेवढे बाहेर राहिले, पुढे गुलाबी गालांचा लव्हबर्डही वगळला गेला. यामुळे एक चमत्कारिक परिस्थिती तयार झाली आहे. आंतरराष्ट्रीय कराराला आपल्या राघूच्या प्रवासाचं काही देणंघेणं नाही, त्याला अडवतो तो भारताचा स्वतःचा कायदा. आणि आफ्रिकन ग्रे, जो भारताचा नाहीच, त्याला जग अडवतं.

आफ्रिकन ग्रेला अडवण्याचं कारण पुन्हा तेच, ढोल्यांमधून काढलेली पिल्लं आणि जाळ्यात धरलेले थवे. घानामध्ये या पक्ष्याची संख्या पंचवीसेक वर्षांत ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचं पाहणीत आढळलं. २०१६ साली जोहान्सबर्गच्या साइटिस परिषदेत त्याला सर्वांत कडक, म्हणजे पहिल्या परिशिष्टात टाकण्याचा निर्णय झाला आणि २ जानेवारी २०१७ पासून तो अमलात आला. त्यामुळे घरातला आफ्रिकन ग्रे परदेशी न्यायचा तर भारताचा निर्यात परवाना आणि पोचायच्या देशाचा आयात परवाना, दोन्ही लागतात. पक्षी रानातून धरलेला नसून पिंजऱ्यातच जन्मला, हेही दाखवावं लागतं. त्यासाठी पायातलं अखंड कडं मोलाचं. हे कडं पिल्लू काही दिवसांचं असतानाच पायात सरकतं, नंतर पंजा मोठा झाला की घालताही येत नाही आणि न कापता काढताही येत नाही. कड्यावरचा क्रमांक, ज्यांच्याकडून घेतला त्यांची पावती आणि नोंदणीचा कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत.

नोंदणी ही भारतातली तुलनेनं नवी गोष्ट. २०२० च्या जूनमध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं विदेशी प्राणी-पक्षी बाळगणाऱ्यांना स्वेच्छेनं माहिती देण्याची संधी दिली होती. २०२२ च्या दुरुस्तीनं साइटिस यादीतल्या जिवंत प्राण्यांची नोंद बंधनकारक केली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे नियम आले. ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर पक्ष्याची नोंद करायची, तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तरी कळवायचं. ज्यांनी ही नोंद केली नाही, त्यांच्या पक्ष्याचा परदेशप्रवास पहिल्याच टेबलावर अडतो. निर्यात परवान्याचा अर्ज वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोच्या विभागीय कार्यालयाकडून पुढे जातो, महाराष्ट्रासाठी ते कार्यालय मुंबईला आहे. निघण्याआधी पक्ष्याचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं, ते केंद्राच्या पशु संगरोध सेवेकडून, तेही मुंबईलाच. छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावर यातलं काहीच होत नाही. त्यामुळे पक्ष्याला घेऊन निदान एकदा तरी समृद्धी महामार्गानं किंवा रेल्वेनं मुंबई गाठावी लागणारच.

सगळे कागद हातात आले, तरी खरी गाठ पोचायच्या देशाशी असते. ऑस्ट्रेलिया पाळीव पक्षी फक्त न्यूझीलंडमधून घेतो. भारतातून मेलबर्नला निघालेल्या कुटुंबानं मग तो बजरीगर असो की मकाव, पक्षी नेण्याचा विचारच सोडावा. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचा, तरी त्याला परतीची वाट नाही. अमेरिकेत १९९२ चा रानपक्षी संवर्धन कायदा आहे. साइटिस यादीतला पाळीव पक्षी सोबत आणायचा, तर माणसानं त्याआधी किमान सलग एक वर्ष अमेरिकेबाहेर राहिलेलं असावं लागतं आणि वर्षाला दोनच पक्षी आणता येतात. शिवाय पोचल्यावर तीस दिवस सरकारी संगरोध केंद्रात, मालकाच्या खर्चानं. तिथली जागा आगाऊ राखून ठेवावी लागते. युरोपीय संघ एका वेळी पाचपर्यंत पक्षी स्वीकारतो, पण अलगीकरण, बर्ड फ्लूची चाचणी किंवा लस, नाहीतर पोचल्यावरचा संगरोध, यांपैकी ठरलेल्या वाटेनं जावं लागतं. हे नियम साथीप्रमाणे बदलत राहतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या कृषी किंवा पशुसंवर्धन खात्याचं ताजं पत्रक वाचणं भाग आहे. नातेवाइकांनी तीन वर्षांपूर्वी कसं नेलं, याचा उपयोग होत नाही.

एका छोट्या पक्ष्याला देश इतके का घाबरतात? यामागे तीन साथी आहेत. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पोपटांबरोबर सिटॅकोसिस हा फुप्फुसाचा आजार युरोप-अमेरिकेत घराघरांत पोचला. माणसं दगावली आणि जानेवारी १९३० मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी पोपटांच्या आयातीवरच बंदी घातली. दुसरी साथ मानमोडीची. आपल्याकडे कोंबड्या पाळणाऱ्याला मानमोडी म्हणजे काय, ते सांगायला नको: मान वाकडी होते, पाय लुळे पडतात आणि खुराडं रिकामं होतं. १९७१ मध्ये ही साथ दक्षिण कॅलिफोर्नियात शिरली, ती आयात केलेल्या पाळीव पक्ष्यांमार्फत. आटोक्यात आणायला सुमारे एक कोटी वीस लाख कोंबड्या माराव्या लागल्या. पोपटाचं यातलं वेगळेपण असं की तो स्वतः ठणठणीत दिसत असतानाही महिनोन् महिने, कधी वर्षाहून जास्त काळ, विषाणू विष्ठेतून बाहेर टाकू शकतो. डोळ्यांनी पाहून पक्षी निरोगी ठरवता येत नाही, म्हणून तीस दिवस बाजूला ठेवतात आणि चाचण्या करतात.

तिसरी साथ बर्ड फ्लूची, आणि तिची भीती आपल्या घराच्या अंगणापर्यंत आलेली आहे. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या एसेक्सच्या संगरोध केंद्रात एक आयात पोपट मेला, तिथल्या पक्ष्यांत एच५एन१ विषाणू सापडला. युरोपीय संघानं पाळीव पक्ष्यांच्या व्यापारी आयातीवर तातडीनं बंदी आणली आणि २००७ मध्ये रानातून धरलेल्या पक्ष्यांसाठी ती कायम केली. एसेक्सच्या घटनेनंतर चारच महिन्यांनी, फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातली पहिली बर्ड फ्लूची लागण नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्रींत निघाली. २०२१ च्या जानेवारीत जालन्याला लागून असलेल्या परभणी जिल्ह्यात, मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या, त्याही याच रोगानं. २०२५ च्या सुरुवातीला लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये कावळे मरून पडले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात, अहवाल येतो आणि जगाला कळवला जातो. मग एखादा देश भारतातून येणाऱ्या सगळ्या पक्ष्यांना दार बंद करतो. जालन्याच्या घरातला कॉकाटील कधीही पिंजऱ्याबाहेर गेलेला नसला, तरी उदगीरच्या कावळ्यामुळे त्याचा प्रवास अडू शकतो. म्हणून पक्ष्याचं तिकीट आणि माणसांचं तिकीट एकाच तारखेवर अवलंबून ठेवू नये. मागे कुणीतरी पक्ष्याला सांभाळायला तयार असलेलं बरं.

कागदांबद्दल इतकं लिहिलं, आता पक्ष्याबद्दल. बहुतेक आंतरराष्ट्रीय विमानांत पोपट केबिनमध्ये घेत नाहीत, तो मालवाहू कक्षात जातो. हवाई वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पिंजरा पुरेसा हवेशीर, आत बसायला दांडी, बाहेरून भरता येतील अशी दाण्या-पाण्याची भांडी असावी लागतात. गुंगीचं औषध देऊ नये. गुंगीतला पक्षी दांडीवर तोल सावरू शकत नाही, त्याचा श्वासही मंदावतो आणि उंचीवर ते जीवघेणं ठरतं. प्रवासाचा पिंजरा दोन-तीन महिने आधीच घरात आणून ठेवावा, पक्ष्याला त्यातच खायला घालावं, थोडा वेळ त्यातच झोपू द्यावं. उन्हाळ्यात, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, जालन्यातून मुंबईला पक्षी नेऊ नये. ४२-४३ अंशांच्या उन्हात बंद गाडी उभी राहिली, तर काही मिनिटांत पक्षी दगावतो.

खाण्याची सवय हा दुर्लक्षित मुद्दा. आपल्याकडे पोपटाला शेंगदाणे, हिरवी मिरची, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, सूर्यफुलाच्या बिया देतात. मिरची तो आनंदानं खातो, कारण तिखटपणाची आग पक्ष्यांना जाणवतच नाही. पण नुसत्या तेलबियांवर वाढलेल्या पक्ष्याच्या अंगात जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडतं, श्वासाचे विकार लवकर होतात आणि यकृतावर चरबी चढते. अशा पक्ष्याला संगरोध केंद्रातल्या अनोळखी गोळ्या दिल्या, तर तो उपाशी बसतो. महिनाभर आधी नव्हे, वर्षभर आधी त्याला गाजर, पालक, मोड आलेली कडधान्यं आणि तयार खाद्य यांची गोडी लावावी. पक्ष्यांत मुरलेले डॉक्टर जालन्यात सहज मिळत नाहीत. परभणीच्या किंवा मुंबईतल्या परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात सल्ला घ्यावा.

सगळ्यांत अवघड आहे त्याचं मन. पोपट थव्याचा पक्षी आहे. पिंजऱ्यातल्या पोपटाला थवा मिळत नाही, म्हणून तो घरातल्या एका माणसाला जोडीदार मानतो. ते माणूस नाहीसं झालं की कित्येक पोपट स्वतःचीच पिसं उपटून काढतात. आफ्रिकन ग्रेमध्ये हे फार दिसतं. तीस दिवस अनोळखी खोलीत एकट्यानं काढायचे, त्यानंतर बर्फाळ गावातल्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकटं बसायचं, कारण घरातली दोघंही कामाला गेलेली. परवाना मिळतो म्हणून न्यायचंच, असं मला वाटत नाही. जालन्यातच एखाद्या घरात त्याला ओळखणारी, दिवसभर त्याच्याशी बोलणारी आजी राहणार असेल, तर कधी कधी ठेवून जाणं हेच त्याच्या भल्याचं असतं. फक्त नोंदणी त्या घराच्या नावावर बदलून घ्यावी.

आणि राघूचं? निघायच्या आदल्या दिवशी गच्चीवर जाऊन पिंजऱ्याचं दार उघडणं अनेकांना पुण्याचं वाटतं. ते करू नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात बसलेल्या पक्ष्याच्या छातीचे स्नायू आक्रसलेले असतात, पंखांची पिसं तुटलेली असतात, कधी पंख मुद्दाम कापलेले असतात. कोणतं फळ केव्हा पिकतं, पाणी कुठे असतं, शिक्रा झेपावला की थव्यानं कुठे वळायचं, हे पिल्लू आईबापांकडून आणि थव्याकडून शिकतं. या राघूला ते शिकवायला कुणी नव्हतं. माणूस दिसला की तो जवळ जातो, मांजर दिसलं की पळत नाही. दोन दिवसांत त्याचं काय होतं, ते घरातल्यांना दिसत नाही, इतकंच.

त्यापेक्षा वनखात्याला कळवावं. त्यांची १९२६ ही हेल्पलाइन राज्यभर चालते. जालन्यातूनही तिथे फोन करता येतो. शासनाकडे दिलेला पक्षी डॉक्टर तपासतात. मोठ्या पिंजऱ्यात उडण्याचा सराव, रानातल्या अन्नाची ओळख आणि इतर पोपटांची सोबत मिळाली, तर काही पक्षी महिन्यांनी रानात जाऊ शकतात. जे जाऊ शकत नाहीत, ते निदान आपल्या जातीच्या पक्ष्यांसोबत राहतात. स्वतःहून पक्षी सुपूर्द करणाऱ्याकडे आणि विमानतळावर पकडल्या गेलेल्याकडे अधिकारी सारख्या नजरेनं पाहत नाहीत. फोन करताना पक्षी किती वर्षांचा आहे, काय खातो, उडतो का, कोणत्या शब्दांना प्रतिसाद देतो, हे लिहून द्यावं. त्याला सांभाळणाऱ्याला या माहितीचा फार उपयोग होतो.

हे सगळं वर्षभर आधी सुरू करावं. विदेशी पक्षी असेल तर नोंदणी, कड्याचा क्रमांक आणि पावती तपासण्यापासून. देशी असेल तर १९२६ वरच्या फोनपासून. पोचायच्या देशाचे नियम हे दुसरं काम, परवान्याचे अर्ज तिसरं, आणि संगरोध केंद्राची जागा मिळाल्यावरच माणसांच्या तिकिटाची तारीख ठरवावी. परत येण्याची शक्यता असेल, तर तेही आत्ताच पाहावं. भारतात जिवंत पक्षी आणायला वेगळा आयात परवाना आणि आरोग्यविषयक अटी आहेत, आणि बर्ड फ्लू असलेल्या देशातून पक्षी आणणं बंद असतं. आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो. तिशीतल्या जोडप्यानं आज आणलेलं पिल्लू त्यांच्या म्हातारपणीही दांडीवर बसलेलं असेल, तेव्हा ते कुटुंब कोणत्या देशात असेल, हे पक्षी घेताना कुणालाच माहीत नसतं. म्हणून विक्रेत्याला पैसे देण्याआधी घरात बसून एवढं तरी बोलून घ्यावं, की आपण गेलो तर हा कुणाकडे राहील, आणि त्या माणसाला विचारलंय का.